कोरोमंडलचा बिनतालाचा नाच

परत आल्यापासून क्लासातल्या मुली विचारतायत, "ताई, न्यूझीलंडला काय काय पाहिलंत?" त्यांना हिमनद्या, उकळते झरे आणि मेंढ्या ऐकायच्या असतात. मेंढ्या मी पाहिल्या, चालत्या गाडीतून. हिमनद्या राहिल्या. सहा आठवड्यांच्या मुक्कामातले पाच दिवस मी समुद्रकाठच्या एका लाकडी हॉलमध्ये काढले, आणि तिथे वीस चांगली शिकलीसवरलेली माणसं डोळे मिटून जमिनीवर लोळत होती. एवढं सांगितलं की मुली एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

मी कथक शिकवते. कर्वेनगरात तीस वर्षं माझा क्लास आहे आणि माझ्या शिस्तीबद्दल पालक जे बोलतात ते माझ्या कानावर येतं. माझी एकुलती एक मुलगी सई हीसुद्धा माझ्याच क्लासात शिकली, सहाव्या वर्षापासून. क्लासात पाऊल टाकलं की तिनेही मला 'ताई'च म्हणायचं, हा माझा नियम होता. आई घरी. इतर मुलींना दुजाभाव वाटू नये म्हणून मी तो केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. विसाव्या वर्षी सईने नाच सोडला. अभ्यासाचं कारण सांगितलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण खरं कारण विचारायचं धाडस मी दहा वर्षांत केलं नाही. तिकडे जाताना मनात हीच एक गोष्ट होती, आणि तिकिटाचं निमित्त नातीचं होतं.

टाकानिनी

सई ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत राहते. सगळी घरं नवीकोरी, एकसारखी, आणि झाडं अजून काठ्यांना बांधलेली. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकून शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवली. दोन्ही वेळा त्यांनी "नो वरीज" म्हणून मला हाताला धरून घरी आणून सोडलं. जावई निखिल ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. चार वर्षांची नात मीरा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते.

रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात गेलो. रेसकोर्सच्या आवारात भरतो तो बाजार. टोंगन बाया, चिनी आजोबा, गुजराती काका, आणि ढिगाने मेथी. मी आमच्या मंडईत जोखून घेते तशी वांगी एकेक दाबून बघायला लागले तर विकणारी बाई हसली आणि स्वतःच मागची टोपली पुढे सरकवून म्हणाली, "ही घ्या, ही ताजी." तीस वर्षांत मंडईत असं कुणी केलेलं आठवत नाही.

घरी येताना मी मीराला विचारलं, "आई तुला नाच शिकवते का गं?"

"मम डझन्ट डान्स, आजी," मीरा म्हणाली. "शी रोल्स."

सई गाडी चालवत होती. तिचे कान लाल झाले. मग हळूहळू कळलं की ती दोन वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी कुठल्याशा हॉलमध्ये जाते. तिथे स्टेप्स नसतात, संगीत नसतं, गुरू नसतो. शरीराला जसं हलावंसं वाटेल तसं हलू द्यायचं आणि आपल्या आत काय चाललंय तिकडे लक्ष ठेवायचं. फेब्रुवारीत पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं.

"मी येते," मी म्हटलं.

सईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आई, तिथे कुणी कुणाला करेक्ट करत नाही. जमेल तुला?"

"न जमायला काय झालं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

कोरोमंडल, पहिला दिवस

कोरोमंडल हे नाव आपल्याच पूर्व किनाऱ्यावरून, एका जहाजामार्फत तिकडे गेलंय म्हणे. थेम्स गाव सोडलं की रस्ता समुद्राला असा चिकटून जातो की लाटेने काच ओली होईल असं वाटतं. पोहुतुकावाची म्हातारी झाडं कड्यावरून पाण्यावर ओणवी झालेली. वळणांनी मला गाडी लागली आणि दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबलो तिथल्या डेअरीतल्या, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातल्या माणसाने मला आल्याची बिस्किटं दिली आणि पाच मिनिटं खुर्चीत बसवलं.

हॉल एका उतारावर होता, खाली वाळू. दाराबाहेर चपला, जँडल्स म्हणजे तिकडच्या रबरी स्लिपर, बूट यांची रांग बघून मला एकदम बरं वाटलं. चपला बाहेर काढणारे लोक अगदीच वाया गेलेले नसणार.

शिबिर घेणारी जूडिथ पासष्टीची, उंच, पांढऱ्या केसांची, पूर्वी फिजिओथेरपिस्ट होती. मी तिच्या पाया पडावं की काय या विचारात असताना तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्हाला आधीपासून काही येत असण्याची इथे गरज नाही." मला हे अपमानास्पद वाटलं. मग बघितलं तर ती प्रत्येकाला हेच सांगत होती.

सुरुवातीला सगळे जमिनीवर पडून राहिले. अर्धा तास. जूडिथ अधूनमधून बोलायची: टाचेचं वजन जमिनीवर कुठे पडतंय, श्वास पाठीत कुठवर जातोय. मी मनात म्हटलं, पहिल्या अर्ध्या तासात माझ्या मुलींचे पायांच्या ठोक्यांचे चारशे तत्कार झाले असते. नंतर लोक सरपटायला, गडगडायला लागले. माझा पाय एका दाढीवाल्याच्या दंडाला लागला. मी सवयीने त्याला हात लावून नमस्कार केला. त्याला वाटलं हा माझा नाच आहे, त्यानेही मला वाकून तस्संच केलं. मग माझा पाय पुन्हा लागला, मी पुन्हा नमस्कार केला, त्यानेही केला, आणि आमचं हे पाच मिनिटं चाललं.

माझी सुटका अरोहाने केली. अरोहा ही माओरी बाई, साठीची, थेम्समधल्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. चहाच्या वेळी मी तिला पायाची गोष्ट सांगितली तर तिला नवल वाटलं नाही. "आमच्यात झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्यातही नाही. तेवढ्यात एक पोरगी जेवणाच्या टेबलावर बूड टेकून बसली, आणि आम्ही दोघी एकाच वेळी "उतर" म्हणालो, ती इंग्लिशमध्ये आणि मी मराठीत. त्यानंतर पाच दिवस आमची गट्टी होती.

सई पहिल्या दिवशी माझ्या जवळपास फिरकली नाही. हॉलच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी.

दुसरा दिवस

सकाळची भांडी माझ्याकडे होती. तिकडे लोक साबणाच्या फेसातून ताट काढतात आणि तसंच फडक्याने पुसून ठेवतात, पाण्याखाली धरतच नाहीत. मी सगळ्या ताटल्या पुन्हा नळाखाली धुतल्या. कुणी काही बोललं नाही, फक्त दुपारपासून भांडी पुसायला माझ्याबरोबर रोज कुणीतरी येऊन उभं राहायला लागलं आणि गप्पा मारायला लागलं. संध्याकाळी मी अवोन्डेलची वांगी भरली. वीस माणसांनी चाटूनपुसून खाल्ली आणि दाढीवाल्याने "स्वीट ॲज" असा शेरा दिला. तिखट असूनही स्वीट कसं, ते मला सईने समजावलं: म्हणजे झकास. पाच दिवसांतलं तिचं माझ्याशी हसून झालेलं ते पहिलं बोलणं.

पण दुपारी जे झालं ते आधी सांगायला हवं होतं, मी ते टाळत होते.

दुपारी मोकळा नाच होता. ज्याला नाचायचंय त्याने नाचायचं, नसेल त्याने भिंतीशी बसून बघायचं. मी बसले होते. हॉलमध्ये फक्त श्वासांचा आणि तळपाय घासल्याचा आवाज, बाहेर सीगल. सई मध्यभागी होती. ती हळूहळू एका बाजूला कलत होती, इतकी की आता पडेल असं वाटावं, आणि पडायच्या क्षणी कुणाच्या तरी पाठीवर टेकत होती. सुंदर होतं ते. पण माझ्या डोळ्यांना सुंदर दिसलं की हाताला गप्प बसवत नाही. समच नाही, अशी कशी बिचारी भरकटतायत, असं मला मनापासून वाटलं. मी मांडीवर ठेका धरला. मग टाळी द्यायला लागले. मग तोंडातून बोल सुटले, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.

पाच मिनिटांत अख्खा हॉल माझ्या समेवर येत होता. दाढीवाला तर असा स्वच्छ येत होता की मला त्याचा हेवा वाटला. मी खुशीत लय वाढवली. तेव्हा सई दिसली. ती उभी होती, हात छातीशी बांधलेले, पाय तत्कार करत होते, एकही मात्रा न चुकता. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीचा. आणि त्या पायांकडे ती स्वतःच बघत होती. मग ती थांबली आणि दार उघडून बाहेर गेली.

टाळी माझ्या हातात राहिली. जूडिथ जवळ येऊन बसली. "तुमची लय फार देखणी आहे," ती म्हणाली. "आता आम्हाला आपापलं परत सापडायला थोडा वेळ लागेल." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी खाली वाळूवर गेले. ओहोटी होती. सई ओल्या वाळूत उकिडवी बसली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही, ताई."

ताई. समुद्राकाठी, क्लासापासून बारा हजार किलोमीटरवर. मी तिच्या शेजारी वाळूत बसले.

"बोल तरी," मी म्हटलं.

"तू टाळी दिलीस आणि माझे पाय आपोआप सुरू झाले," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते आणि ते चालूच. दोन वर्षं लागली मला इथे नुसतं उभं राहायला. आणि तुला पाच मिनिटं लागली."

"मला मदत करायची होती."

"माहितीये." तिने वाळूत बोट फिरवलं. "आई, मी एकोणीस वर्षांची असताना तुला तीनदा सांगितलं होतं, उजवा गुडघा दुखतो. आठवतंय? तू म्हणालीस, दुखणं चपलांबरोबर बाहेर ठेवून यायचं."

"ते मी सगळ्यांनाच सांगते."

"हो ना. मी पण सगळ्यांतलीच." ती रागावलेली नव्हती, हे जास्त लागलं. "इथे आल्यावर स्कॅन केला. कार्टिलेज फाटलंय, जुनं आहे म्हणाले. मग मी मंगळवारी जूडिथकडे जायला लागले. तिने पहिल्या दिवशी विचारलं, कुठे दुखतंय दाखव. मी तासभर रडले होते."

दहा वर्षं जे विचारायला मी घाबरत होते ते असं उत्तर होऊन समोर आलं. मला लाज वाटली, आणि तरी तोंडातून 'चुकलं माझं' येईना. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला ते वाक्य पाठ नसतं. आम्ही दोघी पाणी बघत बसलो, मग भरायची वांगी आठवली तशी मी उठले.

तिसरा आणि चौथा दिवस

हॉलमध्ये परत जायला मला धीर होत नव्हता. सकाळी दारात अरोहा उभी होती. "किया ओरा," असा माओरीतला नमस्कार केला आणि माझा हात धरून आत घेऊन गेली. कुणीही आदल्या दिवसाचा विषय काढला नाही. मी मात्र सगळ्यांसमोर, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, माफी मागितली. दाढीवाला म्हणाला की त्याला मजा आली होती. एक बाई म्हणाली, तिला नव्हती आली. दोघांचंही ऐकून घेतलं गेलं आणि काम सुरू झालं. या लोकांचं हे मला फार आवडलं. आमच्याकडे यावर दोन गट पडले असते.

त्या दिवसापासून जोड्या होत्या. एकाने डोळे मिटून हलायचं, शरीर नेईल तसं. दुसऱ्याने भिंतीशी बसून नुसतं बघायचं. घंटी झाली की बघणाऱ्याने बोलायचं, पण बोलण्याला कडक नियम. छान म्हणायचं नाही, चुकलं म्हणायचं नाही. मी काय पाहिलं, आणि ते बघताना माझ्या स्वतःच्या शरीरात काय झालं, एवढंच.

माझी जोडी अरोहाशी. तिने डोळे मिटून दहा मिनिटं एका जागी झुलत काढली. माझी पाळी आली तशी मी म्हटलं, "तुझा डावा खांदा वर येतो."

"खांदा माझा आहे," ती हसत म्हणाली. "तुला काय झालं ते सांग."

मला काय झालं? मला सांगताच येईना. आयुष्यभर समोरच्याच्या खांद्याकडे बघत आले, त्या वेळी आपला खांदा कुठे असतो ते कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी कसंबसं म्हटलं, "तू झुललीस तेव्हा माझा श्वास अडकला." अरोहाने मान हलवली. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला असं एखादं वाक्य धडपणे बोलता यायला लागलं होतं. साठीच्या उंबरठ्यावर बालवर्गात बसल्याची गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू. आणि एक कबूल करते: इथे दम्याचा माणूस, सत्तरीची बाई आणि विशीतली पोरगी एका जमिनीवर होती आणि कुणी कुणाहून कच्चं नव्हतं. माझ्या क्लासात मी अशा किती जणींना पहिल्या महिन्यातच 'तुझं हे काम नाही' म्हणून परत पाठवलंय.

सई या दोन दिवसांत माझ्याशी नीट वागत होती. माझ्या ताटात भात वाढत होती, सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावल्या तिथे मलम लावत होती. जोडीला मात्र आली नाही.

पाचवा दिवस

शेवटच्या सकाळी जूडिथने जोड्या ज्याने त्याने निवडा म्हणून सांगितलं. मी अरोहाकडे निघाले तर सई मध्ये येऊन उभी राहिली.

"मी तुझ्यासमोर नाचणार नाही, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तू नाचलीस तर मी बघेन."

मी हॉलच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि डोळे मिटले. घंटी झाली. पाय लगेच तत्काराला तयार झाले, मी त्यांना दिले दोन-चार ठोके मारू. मग थांबवले. न ठोकता उभं राहणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. आतून एक आवाज सारखा 'हात, हात' म्हणत होता. तो माझाच होता. हळूहळू तोही दमला. मी चालायला लागले, साधी, भाजी आणायला जावं तशी. कुणी बघत नाहीये असं वाटायला लागलं, आणि मग मी जशी घरी एकटी असताना चालते तशी चालले.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. माझा डावा गुडघा दुखतो. खूप दुखतो. क्लासात करून दाखवायचं काम मी मोठ्या मुलींवर सोपवलेलं आहे आणि मी बोल म्हणायला बसते, ताईंचा अधिकारच तो, असं सगळ्यांना वाटतं. जिना चढताना मी मुद्दाम मागे राहते. चारचौघांत मी कधी लंगडत नाही. त्या दिवशी लंगडले. जमिनीवर बसताना दोन्ही हात टेकून, कण्हत बसले, आणि पाय लांब करून तशीच पडून राहिले. फार बरं वाटलं. किती वेळ गेला माहीत नाही, घंटी झाली.

सई माझ्यासमोर येऊन बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नियम तिला पाठ होता. ती शब्द शोधून बोलत होती.

"मी पाहिलं, तू चाललीस. डाव्या पायावर तू वजन देत नव्हतीस. बसताना तुझे ओठ आवळले होते." ती थांबली. "बघताना माझ्या डाव्या गुडघ्यात दुखलं. माझा तो चांगला आहे."

मी हात टेकून उठून बसले.

"किती वर्षं, आई?"

"तू बारावीत होतीस तेव्हापासून."

तिने हिशेब केला, मला दिसला तो तिच्या डोळ्यांत. "म्हणजे तू मला ते चपलांचं म्हणालीस तेव्हा..."

"तेव्हा रोज दुखत होता," मी म्हटलं. "चुकलं माझं, सई. मला वाटायचं असंच करायचं असतं."

सईने तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. आजूबाजूला बाकीच्या जोड्या कुजबुजत होत्या, अरोहा कुणाला तरी हसत होती. मी त्या मुलीची तीस वर्षं आई होते आणि त्यातली चौदा वर्षं ताई. तिच्या पायातल्या घुंगरांचा एकेक मणी मला ओळखू यायचा, आणि हे एक मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"तुझा कुठे दुखतो, दाखव," मी म्हटलं.

सईने पायजमा गुडघ्यावर सारला आणि बोट ठेवून दाखवलं.